तलवारीची मूठ आणि शेजारची हातोडी

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या अंगठ्याला पट्टी का?" मी म्हटलं, कानस लागली. कानस म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, आणि थोरल्याला ते कुठल्यातरी किड्याचं नाव वाटलं. मग मी सांगितलं की तलवारीला मूठ बसवत होते, त्यावर तुम्ही दोघं इतके हसलात की आईने तुमच्या हातातून फोन काढून घेतला. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते. कानस म्हणजे लोखंड किंवा लाकूड घासायची खरखरीत पट्टी. शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तरी हातोडी आणि हळदकुंकू एका वाक्यात आणायचं तर मला मराठीच लागते. अडेल तिथे आईला विचारा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, आपल्याकडे खंडेनवमी असते. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होते. हत्यार म्हणजे ज्याने काम होतं ते सगळं. विळी, सुऱ्या, अडकित्ता, शिवणाचं मशीन, पेचकस, तुमच्या आजोबांचं ड्रिल मशीन. आधी प्रत्येक लोखंडी वस्तूवरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, मग नवमीच्या सकाळी सगळं पाटावर मांडून हळदकुंकू आणि झेंडू वाहायचा. एकदा वस्तू पूजेत बसली की त्या दिवशी तिला कामाला लावायचं नाही. दसऱ्याला अक्षता टाकून उठवली की मगच ती कामाला मोकळी. त्यामुळे नवमीची भाजीसुद्धा मी आदल्या दिवशीच चिरून ठेवते.

पूजेच्या शेवटी घरातला कर्ता पुरुष तलवार उचलतो, कपाळाला लावतो, उंबऱ्यापर्यंत नेतो आणि परत आणून पाटावर ठेवतो. आजोबांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले, तेव्हापासूनची ही रीत. पण वाटण्या झाल्या तेव्हा घरची तलवार थोरल्या दिरांकडे गेली, ती त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावी गेली. थोरल्याकडेच जायची ती, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. तेव्हापासून मात्र तुमचे आजोबा दर नवमीला पक्कड कपाळाला लावून उंबऱ्यापर्यंत नेत आले. मला त्याचं हसू यायचं. त्यांना यायचं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मनावर घेतलं. पडाव भागातल्या ट्रक दुरुस्त करणाऱ्यांकडून चाकावरच्या कमानीचं, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगचं, एक जुनं पातं आणलं. ते मुळातच थोडं वाकडं असतं, म्हणजे तलवारीचा बाक आयताच मिळाला. मागच्या अंगणात बसून एक अख्खा हिवाळा त्यांनी ते घासलं. धार लावायची नाही, ही माझी अट होती. कायद्याची मला आधीपासूनच भीती, आणि पूजेला धारेची गरज नसते. त्यामुळे कड फूटपट्टीइतकीच बोथट आहे. मूठ बसवायला मागे वीतभर शेपूट ठेवलं आणि त्यात तीन भोकंही पाडून ठेवली. आणि मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग सहीत. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. पातं जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर गेलं आणि दोन वर्षं तिथेच राहिलं.

या वर्षी भाद्रपद संपत आला तसं त्यांनी ते खाली काढलं. एक लाकूड घेतलं, कानस घेतली. कानस लाकडावर टिकेना, नुसती उड्या मारत होती. पाच मिनिटांनी त्यांनी पातं पुन्हा धोतरात गुंडाळलं.

"राहू दे," ते म्हणाले. "पक्कड आहेच."

"पुढच्या वर्षी करू," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी हा हात तलवार उचलेल का, ते तू हातालाच विचार."

ते हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. पाऊस पडेल की नाही, अशा सुरात बोलले. म्हणून मला ते जास्त लागलं.

"मूठ मी बसवते," मी म्हटलं.

"तू?"

"का? लाटण्याला मूठ असते, तशीच ना."

"आपल्या लाटण्याला मूठ कुठे आहे, अगं? ते नुसतं लाटणं आहे."

मी वही काढली. ज्या विषयातलं काही कळत नाही, त्यात मी आधी प्रश्नांची यादी करते. पहिला प्रश्न होता, मूठ पात्यावर टिकते कशी? इतकी वर्षं रोज विळी आणि सुरी वापरली, पण त्यांची मूठ का निघून येत नाही हे मी कधी विचारलंच नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या सुऱ्या खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. एकीच्या मुठीवर तीन पितळी ठिपके होते. ते नक्षीचे ठिपके म्हणून मी वीस वर्षं घासले होते. ते खिळे निघाले. ते लाकडाच्या एका बाजूने शिरून, पोलादातून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूला बाहेर येतात. मला फार मजा वाटली.

मग शिंदे की छावनी या वस्तीत एक म्हातारे सुतार आहेत, त्यांच्याकडे गेले. आपल्या जुन्या शिसवी पलंगाचा एक मोडका पाय पिशवीत घेतला होता. त्यांनी तो नखाने वाजवून पाहिला.

"ये तो लोहा है, मैडमजी. क्या बनवाना है?"

"बनवाना नहीं है, बनाना है. तलवार की मूठ."

त्यांनी चष्मा वर केला. "इस उमर में किससे लड़ोगी?"

"घर में ही हैं एक."

ते हसले आणि मग अगदी मन लावून त्यांनी मला समजावलं. दोन प्रकार असतात. एकात लाकडाच्या ठोकळ्याला लांब भोक पाडून त्यात शेपूट ठोकून बसवायचं. दुसऱ्यात दोन पट्ट्या, एक इकडून, एक तिकडून, मध्ये पोलाद, आणि आरपार खिळे. "पहली बार है तो दो फट्टीवाला कीजिए. लंबा छेद टेढ़ा हुआ तो भगवान भी सीधा नहीं कर सकता." पायाच्या दोन पट्ट्या त्यांनी कापून दिल्या, लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीच्या दिशेने ठेवून. रेषा आडव्या असल्या तर मूठ बिस्किटासारखी मोडते, म्हणाले. निघताना त्यांनी शेवटची गोष्ट सांगितली. पितळी सळईचे तुकडे भोकांत घालून दोन्ही टोकं हळूहळू ठोकून पसरवायची, म्हणजे ते खिळे परत निघत नाहीत. मी ते वहीत लिहिलं. या ओळीकडे लक्ष असू द्या.

पुढचा प्रश्न होता, मूठ किती जाड हवी? तुमच्या आजोबांचा हात आलेखाच्या कागदावर ठेवून मी पेन्सिलीने त्याभोवती रेघ काढली. हात थरथरत असल्यामुळे ती नकाशातल्या किनाऱ्यासारखी आली. काही उपयोग झाला नाही. पण तेव्हापासून तो हात काय काय करतो, ते मी टिपत गेले. चमचा हातात घेतला की सांडतो. पेन धरलं की अक्षर पळतं. पण देवाजवळचा जड पितळी तांब्या उचलताना फारसं पाणी सांडत नाही. हे सगळं मी दोन वर्षं रोज पाहत होते. एकाखाली एक लिहिलं तेव्हाच लक्षात आलं की वस्तू जितकी बारीक आणि हलकी, तितका हात जास्त नाचतो.

मग मला कणीक सुचली. घट्ट कणीक भिजवून मी पात्याच्या शेपटाभोवती गुंडाळली आणि त्यांना म्हटलं, धरा.

"मी काय पोळी आहे का?" ते म्हणाले, पण धरलं. बोटं नुसतीच हलत राहिली. मी कणीक वाढवली. दुसऱ्या वेळी जरा बरं. तिसऱ्या वेळी, एवढी जाड की मला स्वतःला नीट धरता आली नसती, तेव्हा त्यांची बोटं कणकेत रुतून गप्प बसली. पूर्ण नाही, पण बसली. मी त्याच जागी सुतळी गुंडाळून माप घेतलं. कणीक गायीला घातली.

त्यानंतर दहाएक दिवस रोज सकाळी चहा झाला की अंगणात तासभर काम. आजोबा खुर्चीवर, मी पाटावर, कपाळाला शाळेतला जुना स्कार्फ. पहिली भोकं मी दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी पाडली आणि ती एकमेकांसमोर आलीच नाहीत. आजोबा आभाळाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "आधी पट्टी पात्याला बांध. पात्यातलं भोक जिथे नेईल तिथेच ड्रिल जाऊ दे." पलंगाचा पाय लांब होता, म्हणून दुसऱ्या पट्ट्या निघाल्या. शिसव घासताना त्याला एक गोडसर, जरा मिरीसारखा वास येतो, हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्याच पलंगावर झोपले, कधी आला नाही. कानस अंगठ्याला लागली ती याच दिवसांत. तुमची हसायची जागा ती.

आता चूक कशी झाली ते सांगते. नवरात्रात माझ्या कामांची यादी देवघराच्या दाराला लावलेली असते. सप्तमीच्या सकाळी यादीत होतं, "सर्व लोखंडाला तेल". दुपारी होतं, "मुठीचा गोंद". सकाळी मी विळीपासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळ्यावर खोबरेल फिरवलं. त्या सगळ्यात तलवारही होती, आणि तलवारीचं शेपूटही. दुपारी दोन नळ्यांतला गोंद मिसळून त्याच शेपटावर लावला, पट्ट्या बसवल्या, नव्या बाजारातून आणलेल्या पितळी सळईचे तुकडे आरपार घातले आणि सुतळीने आवळून ठेवलं. यादीत दोन्ही कामांपुढे बरोबरची खूण केली. राहिली होती फक्त टोकं ठोकायची ती ओळ. पण इतके दिवस घासून गुळगुळीत केलेल्या लाकडाजवळ हातोडी मारायला माझा हात होईना. चुकून एक घाव लाकडावर बसला तर? गोंद आहे ना, असं म्हणून मी ती ओळ दसऱ्यानंतरच्या यादीत ढकलली.

नवमीला सकाळी मी पाट मांडला. विळी, सुऱ्या, अडकित्ता, करवत, कानस, ड्रिल, हातोडी, पक्कड, सगळं ओळीने. हळदकुंकू लावलं, एकेक झेंडू. मधली जागा तलवारीसाठी रिकामी. तुमचे आजोबा आंघोळ करून, धोतर नेसून आले. सुतळी मी सोडून ठेवली होती. त्यांनी तलवार उचलली आणि मुठीतून 'खळ्' असा आवाज आला.

त्यांनी अंगठ्याने वरची पट्टी दाबली. ती सरकली. कडेने गोंद सुकलेल्या सायीसारखा सुटून आला.

"शेपटाला तेल लावलं होतंस?"

"सगळ्यालाच लावलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि मूठ उलटसुलट करून पाहू लागले. "हातोडीचं काम आहे. टोकं पसरवली की गोंदाचीही गरज नाही. पाच मिनिटं."

आम्ही दोघांनी पाटाकडे पाहिलं. हातोडी ओळीत बसली होती, डोक्यावर झेंडू घेऊन.

"उचलू?" मी विचारलं. "देवी एवढ्यासाठी रागावेल का?"

"देवीचं मला माहीत नाही. पण वर्कशॉपमध्ये नोकरी केली तेव्हाही हातोडीची ही एक दिवसाची सुट्टी मी कधी मोडली नाही." मग त्यांनी तलवार धोतराच्या सोग्याने पुसून बाजूला ठेवली. "उद्या बसव. पूजा पकडीवर करू. होतीच सवय."

आणि त्यांनी खरंच हात पकडीकडे नेला, ती पाटाच्या कडेला होती ती मधल्या रिकाम्या जागी सरकवायला. त्या हाताने पकडीवरचं फूल दोनदा पाडलं. मी पाहत होते. उद्या बसवून काय करायचं होतं? नवमी आज होती, आणि पुढच्या नवमीबद्दल त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

मी मागच्या अंगणात गेले, एखादा दगड मिळतो का पाहायला. घरातला वरवंटा चालला असता, पण त्यालाही मी फूल वाहून बसले होते. मी काही विसरत नाही, हीच अडचण झाली.

शेजारच्या भाभीजी कपडे वाळत घालत होत्या. आपली दोन घरं एका बुटक्या भिंतीने जोडलेली आहेत, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच भिंतीवर बसून तुम्ही त्यांच्याकडची गुजिया खाल्ली होती.

"क्या ढूँढ रही हो, दीदी?"

"पत्थर."

"किसको मारना है, भाईसाहब को?"

मी सगळं सांगितलं. मूठ, तेल, पाट, हातोडी. त्या हातात ओला टॉवेल घेऊन ऐकत राहिल्या.

"तो मेरा हथौड़ा ले लो."

"आपका भी तो पूजा में..."

"हमारे यहाँ शस्त्र-पूजा कल है, दीदी. दशहरे को. आज तो हमारा हथौड़ा खाली पड़ा है."

मी भिंतीपाशी उभी राहिले. इतकी वर्षं दर नवमीला त्या मला म्हणतात, तुमचं एक दिवस आधीच होतं, आणि मी म्हणते, तुमचं एक दिवस उशिरा होतं. त्या एका दिवसाचा कुणाला काही उपयोग होऊ शकतो, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्या हातोडी तर घेऊन आल्याच, शिवाय त्यांचा लोखंडी खलबत्ताही घेऊन आल्या. "नीचे भी तो लोहा चाहिए. हमारे ससुर ऐसे ही करते थे." खल पालथा घातला आणि त्यावर मूठ टेकवली. भाभीजींनी पात्याच्या टोकाची बाजू पदरात धरली. आजोबांनी स्टूल जवळ ओढलं, पण हात पुढे केला नाही. त्यांनी मान वाकवून कान मुठीजवळ आणला.

"मार नकोस," ते म्हणाले. "नुसत्या टिचक्या दे. कडेकडेने, गोल."

मी टिचक्या दिल्या.

"भद्द वाजतंय. अजून."

"लकड़ी फट जाएगी," भाभीजी म्हणाल्या.

"नहीं फटेगी. हाँ, अब देखो. अगं, थांब. आता ऐक." मी पुन्हा एकदा मारलं. आवाज खरंच बदलला होता. आधी तो रिकाम्या डब्यासारखा होता, आता भरलेल्या डब्यासारखा घट्ट झाला. खिळ्यांची सहा टोकं होती. प्रत्येक टोकाला मी आवाज बदलेपर्यंत मारत राहिले, आणि प्रत्येक वेळी तो बदललेला मला कळायच्या आधी त्यांना कळला. शेवटच्या खिळ्याशी लाकडाला केसाएवढी चीर पडली. ती अजून आहे. मी त्यात काही भरलं नाही.

दुपारच्या आत पूजा झाली. पक्कड आपल्या कडेच्या जागी परत गेली. भाभीजी दाराशी डोक्यावर पदर घेऊन थांबल्या. जायचं म्हणाल्या, पण गेल्या नाहीत. आजोबांनी तलवार उचलली.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला हवं होतं, पण मी तलवारीच्या टोकाकडे पाहत होते. मागे दाराची चौकट होती, तिची उभी कड सरळ होती, त्यामुळे टोक किती हलतं ते नेमकं दिसत होतं. हलत होतं. पण सावकाश, आणि बोटभरच. त्यांनी मूठ कपाळाला लावली. मग ते उंबऱ्याकडे निघाले. एवढंसं अंतर, पण मी त्यांच्या मागे दोन पावलांवर होते, हात जरा पुढे करून. त्याची गरज पडली नाही. उंबऱ्याशी ते थांबले, रीतीला लागतं त्याच्यापेक्षा जास्त वेळ थांबले. गल्लीतून एक स्कूटर गेली. मग ते वळले आणि तलवार पाटावर ठेवली, मधल्या जागेत, एकही फूल न पाडता.

"जड आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच हलत नाही," मी म्हटलं.

"मूठही जाड केलीस."

"माप तुम्हीच दिलंत. कणकेत."

दसऱ्याला सकाळी मी अक्षता टाकून सगळी हत्यारं उठवली आणि भाभीजींची हातोडी परत करायला गेले. माझ्या बोटांचं हळदकुंकू तिच्या दांड्याला लागलं होतं, ते मी पदराने पुसणार तोच त्या म्हणाल्या, "रहने दो. इसकी इस साल दो बार पूजा हो गई." त्यांच्या पाटावर त्यांनी ती तशीच ठेवली.

परत आले तर आजोबा माझ्या अंगणातल्या जागेपाशी बसले होते. पाटावर त्यांनी तीन गोष्टी मांडून ठेवल्या होत्या: पूजेतून नुकतीच उठलेली कानस, पलंगाच्या पायाचा उरलेला तुकडा, आणि त्यांचा जेवणाचा चमचा.

"याला पण," ते म्हणाले. "जाड कर. आणि या वेळी तेल नको."